बोथट तलवार

१

कोणीतरी तलवारीला धार लावली होती.

चोरून लावली होती, घरातल्या माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकून. याबद्दल थर्झा लूमिसच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गंज आपोआप चढतो, धूळ आपोआप बसते, माणसं आपोआप म्हातारी होतात. धार मात्र कोणालातरी लावावी लागते.

शनिवारची सकाळ होती. गेली पंधरा वर्षं, म्हणजे नवव्या वर्षापासून, थर्झा दर शनिवारी हेच करत आली होती. बैठकीच्या खोलीत खुर्चीवर चढायचं, शेकोटीच्या वरच्या दोन खिळ्यांवरून वडिलांची तलवार उतरवायची, लोखंडी म्यानातून उपसायची, विटेची पूड आणि तेल लावून पातं पुसायचं, परत ठेवायचं. त्या सकाळी तिने पात्यावरून फ्लॅनेलचा तुकडा ओढला आणि त्याचे दोन तुकडे झाले. कापड जुनं झालं असेल, असं तिला वाटलं. मग अंगठ्यावर एक बारीक लाल रेघ दिसली. दुखायला नंतर लागलं.

ईनॉक लूमिस यादवी युद्धात तीन वर्षं ओहायोच्या घोडदळात होता. ही तलवार त्याने तिथून आणली, पण तिला धार कधीच नव्हती. डोकं ठिकाणावर असायचं तेव्हा तो हसून सांगायचा, "सरकारने तलवार दिली, धार द्यायला विसरलं. आम्ही तिच्यावर डुकराचं मांस भाजायचो. त्या कामाला फार चांगली." शिवाय म्यान लोखंडी. दर वेळी उपसताना पात्याची कड लोखंडावर घासायची, आणि असलीच काही धार तर तीही मरून जायची. घोडदळातला प्रत्येक माणूस हे जाणून होता. धार लावण्याचा हुकूम निघाला की सगळे गप्प व्हायचे, कारण तो हुकूम फक्त खऱ्या लढाईच्या आदल्या दिवशी निघायचा.

थर्झाने म्यान उलटं करून पाहिलं. खिळे पाहिले. मग खिडकीतून ओसरीकडे पाहिलं. वडील आपल्या झुलत्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पांघरूण, आणि पांघरुणावर त्यांचा उजवा हात. तो हात बारा वर्षांपासून कापत होता. पुढे-मागे, पुढे-मागे. त्यांना सूपचा चमचा धरता येत नसे. अर्धं सूप छातीवर सांडायचं. तो माणूस धार लावेल? हसण्यासारखी गोष्ट.

म्हणजे दुसरं कोणीतरी. आणि बरोबर याच आठवड्यात.

कारण येत्या गुरुवारी ईनॉक लूमिसला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं की नाही, हे न्यायालयात ठरणार होतं. अर्ज थर्झाच्या थोरल्या भावाने केला होता. वसंत ऋतूपासून म्हातारा अंगणात उभा राहून नसलेल्या घोड्यांशी बोलू लागला होता. जज्ज एकच प्रश्न विचारणार होते: या माणसापासून कोणाला धोका आहे का? थर्झा दोन वर्षं अध्यापिका विद्यालयात शिकून आली होती, त्या इस्पितळात एकदा जाऊन आली होती, तिथल्या भिंतीतल्या कड्या तिने पाहिल्या होत्या. तिचं उत्तर तयार होतं. वडील घरीच राहतील. आणि आता शेकोटीवर वस्तऱ्यासारखी तलवार.

तिने मागच्या पायरीच्या दगडावर पात्याची कड घासघास घासली. मग चाळीस वेळा उपसून चाळीस वेळा म्यानात घातली. शेवटी स्वतःच्या तळहातावरून ओढून पाहिली. बोथट. तिने ती जागेवर टांगली आणि बैठकीच्या दाराला कुलूप लावलं.

२

रविवारी चर्चनंतर तिचा थोरला भाऊ एसा जेवायला आला. गावात त्याचं पेंड आणि दाण्यांचं दुकान होतं. कोटाला कायम कोंड्याचा वास. तो किल्ली मागून वडिलांना बैठकीत घेऊन गेला आणि त्यांच्याजवळ अर्धा तास बसला. थर्झा स्वयंपाकघरात कोंबडीच्या रश्शात कणकेचे गोळे सोडत होती. जेवण झाल्यावर तो तबेल्याकडे वळला, तशी ती खुर्चीवर चढली. डोक्यावरचा एक केस उपटून तिने पात्यावर सोडला. केस खाली पडला तेव्हा दोन होते.

तिने त्याला तबेल्याच्या दारातच गाठलं.

"बैठकीत काय करत होतास रे तू?"

"बाबांशी बोलत होतो."

"अर्धा तास? बाबा दिवसभरात दहा शब्द बोलतात."

"मग बाकीचे मी बोललो. त्यालाही आता तुझी परवानगी लागते का, बाईसाहेब?"

"तलवारीला धार लावलीस तू."

एसा हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "कसली धार?"

आणि तेव्हा थर्झाला कळलं, आपण काय बोलून बसलो. पण तोपर्यंत तो ढांगा टाकत घरात शिरला होता. खुर्चीवर न चढताच त्याने तलवार उतरवली, अंगठ्याची कड पात्याला लावली आणि झटकन काढली.

"थर्झा," तो हळू आवाजात म्हणाला, "हे गुरुवारी सांगावं लागेल."

"म्हणजे हेच हवं होतं तुला!"

"मला हौस आहे? माझ्या दोन्ही पोरी इथे खेळायला येतात. परवा बाबा त्यांना म्हणाले, हुकूम आलाय, पोरींनो, घरी जा. बोल आता."

"मे महिन्यात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, त्यांच्या गळ्यात हार घालता. थडग्यांवर फुलं वाहता, चौकात भाषणं ठोकता, देशाने या हातांचं ऋण विसरू नये. आणि तोच हात कापायला लागला की भिंतीच्या कडीला बांधता! तुला लाज नाही वाटत, एसा?"

"वाटते," एसा म्हणाला. "पण भीती जास्त वाटते."

तो गेला. थर्झा बराच वेळ तिथेच उभी राहिली. लहानपणापासून एसा खोटं बोलला की त्याची डावी भुवई उडायची. आज तिने ती डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. ती हलली नव्हती.

पण माणसं भुवया आवरायलाही शिकतात, असं तिने स्वतःला बजावलं.

३

त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, तिने पुन्हा पायरीवर घासून पात्याची धार मारली. मग मूठ आणि म्यानाचं तोंड दोऱ्याने सात वेढे देऊन बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि ऊन लाखेवर आपलं शिवणाचं अंगुस्तान दाबलं. अंगुस्तानाला एका बाजूला लहानसा चेपा होता. तसं दुसरं अख्ख्या गावात नव्हतं. बैठकीची किल्ली तिने गळ्यात घातली. आता बघू, म्हणाली.

सोमवारी दुपारी विट्झेल आला. वर्षातून दोनदा हा जर्मन धारवाला आपलं चाक ढकलत नदीकाठच्या रस्त्याने वर जायचा आणि आठवड्याने त्याच रस्त्याने परतायचा. त्याच्या घंटेचा आवाज ऐकताच थर्झा बैठकीत गेली. लाख तशीच होती. चेपा तसाच. सातही वेढे तसेच. तिने दोरा तोडला आणि तलवार बाहेर आणून त्याच्या हातात दिली.

"अरे देवा!" विट्झेल म्हणाला. "लढाई संपून वीस वर्षं झाली की, मिस लूमिस. नवी सुरू होणार असेल तर मला आधी सांगा. मागच्या वेळी पळायला उशीर झाला होता."

"चेष्टा नको. ही धार कोणी लावली, ते सांगता येईल?"

"धार?" त्याने पातं नखावर टेकवलं आणि त्याचा चेहरा बदलला. लाखेखाली, कुलपाआड, रात्रभरात ती पुन्हा आली होती. त्याने खिशातून भिंग काढलं आणि पातं उन्हात धरलं. मुठीपासून टोकापर्यंत त्याने ते इंचाइंचाने पाहिलं.

"चाकाची नाही," तो शेवटी म्हणाला. "चाकाच्या रेघा आडव्या येतात. ही हातातल्या दगडाची आहे. पण कसला हात! हे बघा, एकेक ओढ केवढी? चार बोटं. पूर्ण हात लांबवून कोणी ओढलेलीच नाही. बसल्या बसल्या, चार बोटं पुढे, चार बोटं मागे. माणूस चांगलाच सवडीचा असला पाहिजे."

"एका रात्रीत होईल?"

"एका रात्रीत?" तो हसला. "असल्या चिमुकल्या ओढीने एवढं लांब पातं? मिस लूमिस, ही वर्षांची कमाई आहे. दहा म्हणा. बारा म्हणा."

"शनिवारी ती बोथट होती. काल संध्याकाळी पुन्हा बोथट होती. मी स्वतः केली."

"मग मी तरी खोटं बोलतोय, नाहीतर ही तरी."

थर्झाने ओसरीकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं. झुलत्या खुर्चीत वडील उन्हाला बसले होते. पांघरुणावर उजवा हात. पुढे-मागे. तिने मनातल्या मनात त्या अंतरावर आपली बोटं ठेवून पाहिली. मग स्वतःवरच चिडली. दोन वर्षं तर्कशास्त्र शिकलेली बाई! हात इथे, तलवार तिथे, मध्ये भिंत, कुलूप आणि लाख.

"काढून टाका धार," ती म्हणाली. "तुमच्या चाकावर. पार सपाट करा."

विट्झेलने चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या, कड चपटी झाली. "घ्या. आता हिने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. घरच्या सुऱ्या-कात्र्या पुढच्या मंगळवारी, परत येताना करतो. वर हॉटेलवाला वाट बघतोय. काढून ठेवा."

तो निघाला. चार पावलांवर जाऊन थांबला.

"ज्याने लावली ना, मिस," तो मान न वळवता म्हणाला, "तो कारागीर आहे. पण त्याला कोणी थांब म्हणून सांगितलेलं दिसत नाही."

४

मंगळवारी आणि बुधवारी सकाळी थर्झाने तलवारीला हात लावला नाही. पुन्हा दोरा बांधला होता, पुन्हा लाख, पुन्हा अंगुस्तान. तेवढं बस झालं, असं ती म्हणत होती. खरं म्हणजे तिला तपासायचंच नव्हतं.

बुधवारी दुपारी वडील बैठकीत जाऊन बसले होते. शेकोटी पेटवली होती म्हणून तिने दार उघडून दिलं होतं. ती स्वयंपाकघरात गुरुवारसाठी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करत होती. इस्त्री चुलीवर ठेवली, दुसरी उचलली, आणि त्या मधल्या क्षणात तो आवाज तिला ऐकू आला. लहान. कोरडा. कोणी माशाचे खवले काढत असावं तसा. श्श, श्श. श्श, श्श.

हा आवाज आपण आज पहिल्यांदा ऐकत नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने हातातली इस्त्री खाली ठेवली. घरात तो कायमच होता. घड्याळाखाली, वाऱ्याखाली, वडिलांच्या श्वासाखाली. रोज ऐकून ऐकून तो कानांनी टाकून दिला होता.

ती सरकत्या दारांच्या फटीशी गेली. भर दुपार होती, पण पडदे ओढलेले. वडील पाठमोरे बसले होते. मांडीवर उजवा हात हलत होता, आणि त्या हाताच्या लयीत, शेकोटीच्या वर, लाख लावलेल्या म्यानाच्या आतून आवाज येत होता. हात पुढे, श्श. हात मागे, श्श.

तर्क म्हणाला, करून बघ. ती आत गेली, वडिलांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरला. हात थांबला.

आवाज थांबला नाही.

तिच्या तळव्याखाली तो थंड, हाडकुळा हात अगदी निपचित पडला होता, आणि वर म्यानात ते काम चालूच होतं. बारा वर्षं हा हात कापत नव्हता. बारा वर्षं तो फक्त ताल धरत होता.

"त्याला अडवू नकोस," वडील म्हणाले. स्वच्छ आवाजात. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ नव्हता. "सांगितलंय तेवढं तो करतो."

"कोण, बाबा?"

"माझी नव्हतीच ती. फौजेतून सुटका झाली तेव्हा सगळ्यांच्या तलवारी एका ढिगात होत्या. घरी जायची घाई होती गं. हाताला आली ती उचलली."

"कोणाची होती मग?"

ते समोर पाहत होते. समोर घोड्याच्या केसांची गादी असलेला कोच होता, पाहुण्यांचा, ज्यावर वर्षानुवर्षं कोणी बसत नसे. त्याच्या मधोमध गादी दबलेली होती. जुनी गादी, दबायचीच, असं थर्झाच्या मनाने लगेच सांगितलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत ती सावकाश वर आली. बराच वेळ बसलेलं माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठावं, तशी. आधी पुढची कड, मग मागची.

म्यानातला आवाज थांबला.

घर इतकं गप्प तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग स्वयंपाकघरात काहीतरी एकदाच किणकिणलं. चुलीवरची इस्त्री तापून हलली असेल, असं तिने ठरवलं, आणि ठरवलेलं धरून ठेवलं.

"इथलं झालं त्याचं," वडील म्हणाले.

त्यांचा हात आता तिच्या हातात नव्हता. तो त्यांनी स्वतः उचलून चेहऱ्यासमोर धरला होता. दगडासारखा स्थिर.

५

गुरुवारी न्यायालयात एसाने तलवारीचं सांगितलं. सांगताना बहिणीकडे पाहिलं नाही, पण शब्दही फिरवला नाही. जज्ज प्रेंटिस चष्म्यावरून बघत म्हणाले, "मिस लूमिस, घरात धारेचं शस्त्र आहे?"

थर्झा उभी राहिली. रविवारी ते पातं केस कापत होतं. सोमवारी विट्झेलने ते सपाट केलं होतं. त्यानंतर तिने ते उपसलं नव्हतं, बुधवारच्या दुपारनंतरही नाही. तिने बायबलवर हात ठेवला होता. समोर वडील पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. त्यांच्यामागे, तिच्या मनात, इस्पितळाच्या भिंतीतल्या कड्या होत्या.

"तलवार आहे," ती म्हणाली. "बोथट आहे. तिला कधीच धार नव्हती."

"जज्जसाहेब, मागवून बघा," एसा म्हणाला. "मी हाताने पाहिलीय."

शिपाई थर्झाकडून किल्ली घेऊन घोड्यावरून गेला आणि अर्ध्या तासात तलवार घेऊन आला. त्या अर्ध्या तासात थर्झाने खोलीतल्या खिडकीच्या काचा तीनदा मोजल्या. जज्जांनी लाख फोडली, पातं उपसलं, आणि दिवाणखान्यातली वस्तू बघावी तसं पाहून सरळ अंगठा त्याच्या कडेवरून मुठीपर्यंत ओढला. थर्झाने डोळे मिटले.

"मिस्टर लूमिस," जज्जांचा आवाज आला, "हिने माझ्या अंगठ्यावरची धूळसुद्धा निघाली नाही."

एसाने येऊन स्वतः हात लावला. मग त्याने थर्झाकडे पाहिलं, आणि तिने त्याच्याकडे. दोघांच्याही नजरेत एकच प्रश्न होता: तू काय केलंस?

जज्जांनी म्हाताऱ्याला कागद दिला आणि नाव लिहायला सांगितलं. ईनॉक लूमिसने बारा वर्षांत पहिल्यांदा लेखणी धरली आणि सरळ, सुबक अक्षरांत नाव लिहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर एसा म्हणाला, "जिंकलीस. बरं झालं. खरंच सांगतो, मलाही हेच हवं होतं." त्याची भुवई हलली नाही. तो पुढे म्हणाला, "फक्त पोरींना इतक्यात पाठवत नाही मी."

६

तलवार तिने घरी आणलीच नाही. येतानाच पुलावरून नदीत टाकली. वडील शेजारी उभे होते. नदी गढूळ होती, आणि पाण्याने तलवार मुकाट्याने घेतली.

घरात आता आवाज नव्हता. वडील आपल्या हाताने जेवू लागले. शुक्रवारी त्यांनी एक थेंब न सांडता बटाट्याचं सूप संपवलं, आणि थर्झा मोरीशी जाऊन आनंदाने रडली. जगाला ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं: बघा, या माणसाला तुम्ही कडीला बांधणार होतात! शनिवारी तिला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक लाल रेघ दिसली. दाढी करताना लागलं असेल, ती म्हणाली. मग तिला आठवलं, त्यांची दाढी तीच करते, आणि बुधवारपासून केलेली नाही. सोमवारी रेघ दुसऱ्या कोपऱ्यातही होती. वडिलांची काही तक्रार नव्हती. ते ओसरीत ताठ बसून रस्त्याकडे पाहत असायचे. कोणाची वाट पाहता, असं तिने विचारलं नाही.

मंगळवारी विट्झेलची घंटा वाजली. थर्झाने स्वयंपाकघरातला खण तसाच्या तसा ओढून बाहेर नेला आणि त्याच्या फळीवर ठेवला. पावाची सुरी, सोलायची सुरी, शिवणाची कात्री, काटे, चमचे. विट्झेलने पाय चाकाच्या पट्टीवर ठेवला, सुरी उचलली, नखावर टेकवली. खाली ठेवली. कात्री उचलली, खाली ठेवली. मग तो एकेक वस्तू उन्हात धरून भिंगातून पाहू लागला. पट्टीवरचा पाय त्याने केव्हाच काढून घेतला होता.

"काय झालं?" थर्झाने विचारलं.

त्याने खण दोन्ही हातांनी, कडांना बोट न लावता, तिच्याकडे सरकवला.

"माझं काम राहिलं नाही इथे, मिस लूमिस," तो म्हणाला. "त्याच चार बोटांच्या ओढी आहेत. सगळं झालंय. चमचेसुद्धा."